विजयेंद्ररावांच्या सात तबकड्या

विजयेंद्रराव एकतीस वर्षं संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात वेळ ठरवत होते. त्यांच्या हातून कधी एक बोल्टही तयार झाला नाही. बोल्ट तयार व्हायला किती मिनिटं लागावीत, एवढंच ते सांगत. कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, हात किती वेळ चालतो आणि किती वेळ नुसता लोंबतो ते लिहायचं, आणि लोंबण्याची मिनिटं कापून आकडा साहेबांना द्यायचा. अशा माणसाला निवृत्त करून थेट घरी पाठवावं, ही सरकारची बेफिकिरीच म्हणायची.

घर चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला. घरात पत्नी वसंताबाई. दोघंही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतली. त्यांची मराठी तमिळ मुलखात इतकी मुरलेली, की वरच्या मजल्यावर पुण्याहून बदलीवर आलेल्या आम्हाला ती पहिले सहा महिने तमिळच वाटत होती. (इथे त्यांचं बोलणं मी आपल्या वळणाने लिहितो आहे. मूळ चाल गेली ती गेली.) त्या मराठीत वसंताबाई दरवर्षी अर्ध्या तासाचं एक नाटक लिहीत. पोंगलनंतरच्या रविवारी मैलापुरातल्या एका हॉलमध्ये समाजाचं संमेलन भरतं, तिथे ते होई. अठरा वर्षं, अठरा नाटकं. तरुणांना निम्मे विनोद कळत नसत, पण म्हातारी माणसं डोळे पुसून हसताहेत म्हणून तेही हसत. ती भाषा घराबाहेर ऐकू येई ती वर्षातून एवढीच.

लिहायची जागा स्वयंपाकघर. बीन्स चिरता चिरता वसंताबाई संवाद मोठ्याने म्हणत, सासूचे एका आवाजात, जावयाचे दुसऱ्या. मध्येच स्वतःच हसत. मग हात पुसून रोजच्या फाडायच्या कॅलेंडरच्या कालच्या पानामागे एक ओळ लिहीत, तीही तमिळ लिपीत, कारण शाळेत तीच शिकवली होती. पान डाळीच्या डब्याखाली सरकवत. डिसेंबरात डबे उचलले की नाटक तयार.

एकोणिसाव्या नाटकाच्या वेळी विजयेंद्रराव घरी होते. त्यांनी पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पाहणी केली. निष्कर्ष: पेन कागदावर रोज सरासरी अकरा मिनिटं.

"अकरा मिनिटांत अठरा नाटकं केलीस," ते म्हणाले. "तीन तास दिले तर काय करशील?"

"डोकं दुखवून घेईन," वसंताबाई म्हणाल्या.

याची नोंद झाली नाही. विजयेंद्ररावांच्या हेतूबद्दल मात्र शंका नको. चाळीस वर्षं बायको शेगडीपाशी उभी राहिली आणि तिच्यातली लेखिका वाफेवर गेली, असं त्यांना खरोखर वाटलं होतं, आणि त्याची लाजही वाटली होती. म्हणून त्यांनी घरच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं आणि नवी तबकडी आखली. नऊ ते दहा पिवळा, विचार. दहा ते अकरा हिरवा, लेखन. अकरा ते साडेअकरा लाल, खाडाखोड. पुढे बारापर्यंत निळा, विश्रांती.

वसंताबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "रात्री नऊलाही विचार करायचा का हो?"

हा टोमणा तांत्रिक हरकत म्हणून स्वीकारण्यात आला. पिवळ्यावर बारीक अक्षरांत 'सकाळी' आलं.

"आणि शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्यात मी नवीन काही लिहायची नाही."

राहुकाळ रोज वेगळ्या वेळी असतो. दुसरा कोणी असता तर इथे हरला असता. विजयेंद्ररावांनी सात वारांच्या सात तबकड्या केल्या, राहुकाळ राखाडी, आणि मैलापुरातल्या छपाईच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणल्या. रोज सकाळी काटे काढून ते त्या वाराची तबकडी बसवत. मला त्यांनी सातही दाखवल्या. काम देखणं होतं, आणि मी तसं म्हणालोही.

स्वयंपाक त्यांनी स्वतःकडे घेतला. वसंताबाईंना घड्याळाखाली टेबल आणि कोरी वही मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी तारीख आणि 'श्री' लिहिलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, त्या उठल्या.

"बस, बस! अजून पिवळाच आहे."

"डाळीच्या कूटूत मीठ घातलंत?"

"तो माझा विभाग."

नाटक होतं अमेरिकेहून मुलगी बघायला आलेल्या मुलाचं. मुलीची आजी त्याला मराठीत एकच प्रश्न विचारते आणि लग्न त्यावर ठरतं. इथवरची पानं डब्यांखाली जमलेली होती. प्रश्न तेवढा बाकी होता. घड्याळाखाली वसंताबाईंनी तो सहा प्रकारे लिहिला आणि सहाही खोडले. सगळ्या रंगांत पूर्ण क्षमतेने चालला तो लालच. डिसेंबरात एके दिवशी हिरव्या तासाला त्या साडीला फॉल लावताना सापडल्या.

संमेलनात नाटकाऐवजी अंताक्षरी झाली. वसंताबाई दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. घरी आल्यावर विजयेंद्ररावांनी घड्याळ उतरवलं आणि स्वयंपाकघर परत दिलं. मग दोन महिने पेपर उघडा धरून ते आतला कानोसा घेत राहिले. सुरी ऐकू येई, नळ, शिट्टी. माणसाचा आवाज नाही.

"मी पेन मोजलं," एकदा जिन्यात ते मला म्हणाले. "ती लिहीत होती ते बोलताना. मी समोरच बसलो होतो हो. माझ्या वहीत आहे: 'बडबड, चाळीस मिनिटं.'"

गेल्या आठवड्यात संमेलनाचे सेक्रेटरी नागोजी यांचा फोन आला, यंदा नाटक हवंच म्हणून. एरवी बायकोच्या वतीने होकार देणारे विजयेंद्रराव आत गेले, फोन तिच्या हातात दिला आणि दारात उभे राहिले.

"नको हो, नागोजी. अंताक्षरी छान झाली, मुलं खूश होती. तीच ठेवा." मग पलीकडचं ऐकून: "अय्यो, राग कसला? सुचतच नाही, एवढंच."

फोन विजयेंद्ररावांच्या हातात परत आला.

"मला तरी सांग," विजयेंद्रराव म्हणाले, "ती आजी काय विचारणार होती?"

"ठाऊक असतं तर लिहिलं नसतं का?" वसंताबाई म्हणाल्या, आणि तेलात मोहरी टाकली.