अंगठेबाईने न केलेली सही

कॅमेऱ्याच्या कारखान्यात तिला सगळे अंगठेबाई म्हणायचे. सही येत नव्हती म्हणून नव्हे. सही तर ती अशी झोकात करायची की तपासणीच्या चिठ्ठीवर जागा पुरायची नाही. नाव पडलं ते तिच्या तपासण्याच्या पद्धतीमुळे. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी बसायचं, डोळे मिटायचे आणि अंगठ्याने बघायचं. आधी कॅमेऱ्याची बॉडी, मग लेन्स, मग फ्लॅश, शेवटी झाकण. सगळ्यांचं रबर सारखंच खरखरीत लागलं पाहिजे, बटणं तेवढ्याच जोराने दबली पाहिजेत, रिंगा एकाच बाजूला फिरल्या पाहिजेत. एवढं जुळलं की मग डोळे उघडून रंग बघायचा. काळ्या रंगातही हिला पाच तऱ्हा दिसायच्या. "एका आईची लेकरं वाटली पाहिजेत," म्हणायची, "शेजारून उचलून आणलेलं नको."

हे वेड घरीही चालायचं. सगळ्या कपांचे कान उजवीकडे, सगळ्या डब्यांची झाकणं एका हिसक्यात उघडणारी. सूनही त्याच कारखान्यात, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कामाला. म्हणजे बिचारीची दिवसातून दोनदा तपासणी. मग ती मुद्दाम एखाद्या कपाचा कान डावीकडे करून ठेवायची. सासू काही न बोलता तो फिरवायची. सात वर्षं हे चाललं होतं आणि दोघींपैकी एकही मागे हटत नव्हती.

अशात डिझाइनचे नवे साहेब आले आणि त्यांनी नवी मोठी लेन्स काढली. देखणी, वजनाला हलकी, पण फोकसची रिंग बाकी सगळ्या लेन्सच्या उलट फिरणारी. आतली जोडणी तशीच सोपी पडते, म्हणे. तीनशे नग तयार होऊन फळीवर बसले होते. शनिवारी माल जायचा होता. अडलं होतं ते फक्त तपासणीच्या सहीवर.

अंगठेबाईने पहिली लेन्स घेतली, फिरवली, खाली ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. चिठ्ठी कोरीच परत गेली.

साहेब स्वतः आले. मावशी मावशी करत समजूत घालू लागले. पुस्तिकेत ठळक छापलंय, लोक वाचतील, होईल सवय.

"साहेब, फोटो काढणाऱ्याचा डोळा कॅमेऱ्यात असतो," ती म्हणाली. "बाकी सगळं त्याला बोटांनीच बघावं लागतं. पुस्तिका काय बोटांनी वाचायची?"

साहेबांचं मावशी म्हणणं तिथेच संपलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, या वयात खुर्ची सोडून पॅकिंगला उभं राहायचंय का, असं त्यांनी विचारलं. तिने पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "तुमची एवढी खात्री असेल तर तुम्हीच करा सही." साहेबांनी पेन उचललं, बोटांत फिरवलं आणि ठेवून दिलं. कारण गिऱ्हाइकाची तक्रार आली की सही करणाऱ्याचंच नाव निघायचं, असा तिथला नियम होता.

दुपारी अंगठेबाई पॅकिंगला उभी होती, दुखरे गुडघे घेऊन. तिची खुर्ची सुनेला मिळाली. साहेबांचा अंदाज काही वेडा नव्हता. सात वर्षं तपासणी सोसलेली सून सासूची जिरवायची संधी कशाला सोडेल? खरं सांगायचं तर अंगठेबाईलाही तसंच वाटत होतं. मधल्या काचेतून तपासणीच्या टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवून तिने एकाच खोक्याला तीनदा टेप लावली.

सुनेने खुर्ची आधी आपल्या उंचीची केली. लेन्स घेतली. आणि कोणी सांगितलं नसताना डोळे मिटले. अंगठा रिंगवर गेला, हात सवयीने वळला, आणि कपाळावर आठी उमटली. हुबेहूब सासूची आठी.

"साहेब, ही आमच्यातली नाही. मी सही करणार नाही."

सासूबाईंनी पढवून ठेवलंय वाटतं, असं साहेब म्हणाले.

"त्यांनी मला सात वर्षांत एक गोष्ट शिकवली नाही. नुसते कप फिरवले."

संध्याकाळी दोघी पॅकिंगच्या टेबलाशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. सून म्हणाली, खोकी तरी नीट लावा, तीन तीन टेपा कशाला. सासूने ऐकून घेतलं. पहिल्यांदाच.

शनिवारी माल गेला नाही. साहेब दोन दिवस पेन खिशात घालून फळीभोवती घुटमळले, पण सही त्यांनाही झाली नाही. शेवटी तीनशेच्या तीनशे लेन्स रिंग बदलायला परत गेल्या. सहा आठवड्यांनी आल्या त्या सरळ फिरत होत्या. सुनेला खुर्ची परत मिळाली. दुसरं कोणाला ते काम येत होतं कुठे? घरी मात्र एक कप ती अजूनही डावीकडे कान करून ठेवते. सासू तो फिरवते, आणि हल्ली त्यात चहा ओतून तिच्याच हातात देते.

अंगठेबाईलाही साहेबांचा निरोप आला होता. चूक झाली एवढं म्हणा आणि तपासणीला परत या.

"कोणाची?" तिने निरोप आणणाऱ्या कारकुनाला विचारलं. मग तिने पुढचं खोकं ओढलं आणि टेप कापली.