हितं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझी पत्नी वारली. तिने आणलेलं कुत्र्याचं पिल्लू माझ्याकडे राहिलं. शिवरे गावात आमच्या दारापुढेच महामार्ग आहे. पिल्लू तिकडे धावलं की मी घाबरून मागे धावे. मी कधी ‘थांब’ म्हणे, कधी ‘इकडे ये’. ते वळत नसे.

एकदा ते ट्रकसमोर जाणार, तोच काठी आडवी धरून शेळ्या थोपवणारी एक बाई ओरडली, “हितं!” शेळ्यांना तिची रोज हीच हाक असे. पिल्लू परतलं.

“मास्तर, दर येळी नवी हाक? त्ये काय शाळंत जातंय व्हय?” ती हसली. “घरात ‘हितं’ कोन म्हनायचं?”

“आमची ही. ती गेली.”

तिने काठी खाली घेतली. “मग त्यीच हाक ठेवा. बदलू नगा.”

भीती अजून आहे. घरात पत्नीचा हा एक शब्द उरला आहे. तो मी रोज तिच्यासारखाच म्हणतो.