पेरूखालचे सात एक्सल

लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले आणि वर्षभरातच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, यंत्रांची चित्रं पातळ कागदावर उतरवायला, लागले. पिपलानीतलं क्वार्टर माझ्या नावावर होतं. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात बहुतेक वेळ मी आणि सासरे.

सासरे टी. टी. नगरच्या एका कचेरीत कारकून होते. निवृत्तीनंतर सहा महिने त्यांनी पेपर वाचला, आणि मग एक दिवस लिलावातून जुन्या गाड्यांचे सात मागचे एक्सल टेम्पोत घालून आणले. अंगणातल्या पेरूखाली ओळीने मांडले. मधे भोपळ्याएवढा लोखंडी गोळा, दोन्हीकडे नळ्या, नळ्यांच्या टोकांना चाकाचे ड्रम. कुठला कुठल्या गाडीचा, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काहून घाबरतेस?" बाबा म्हणाले. "जन्मभर गाड्यांच्या फायली चाळल्या मी. ओळखून विकू."

पहिला त्यांनी नजरेनेच ओळखला. जीपचा म्हणून रायसेनच्या एका ड्रायव्हरला दिला. आठवड्याने तो दारात उभा. "बाबूजी, इंजन चिल्लाता है, गाड़ी भागती नहीं!" बोल्ट बसले होते, स्प्रिंगचे पाटे बसले होते, पण गोळ्याच्या आतल्या चाकांच्या दातांचं गणित वेगळं होतं. बाबांनी एक्सल परत घेतला. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी ऑफिसातून मागून आणलेली मोठी पट्टी, खडू आणि ट्रेसिंगचा उरलेला कागद घेऊन अंगणात बसले.

"बाबा, मला माहीत नाही हे काय आहे ते. पण मोजता येतं मला."

"मग मोज," म्हणाले, आणि विटा आणायला गेले.

एक्सल विटांवर ठेवायचा. एका बाजूचा ड्रम दोरीने घट्ट बांधायचा, दुसरा बरोबर दोनदा फिरवायचा, आणि तेवढ्यात पुढचं तोंड, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा जोडतात, ते किती वेळा फिरतं ते खडूच्या खुणेवरून मोजायचं. न उघडता आतल्या दातांचं गणित कळायची ही युक्ती आमच्या गिअर विभागातल्या एका म्हाताऱ्या फिटरने सांगितली होती. बाबा फिरवायचे, मी मोजायची. एकाचं तोंड साडेचार वेळांहून किंचित जास्त फिरलं. दुसऱ्याचं पाचाला थोडं कमी. परत आलेल्याचं पाच पुरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा अधिक. मग ड्रमपासून ड्रमपर्यंतची लांबी, चाकाचे बोल्ट किती, पाटे बसायच्या जागांमधलं अंतर. प्रत्येकाचं मी चित्र काढलं. रविवारी ती चित्रं घेऊन आम्ही स्कूटरवरून अवधपुरीतल्या गॅरेजांत गेलो आणि उभ्या गाड्यांखाली वाकून तीच मापं घेतली. मेकॅनिक हसायचे. बाबा पदर धरल्यासारखे माझ्या मागे पट्टीचं दुसरं टोक धरून फिरत होते.

दोन रविवारांत सहा एक्सल ओळखले गेले. सातवा कशालाच जुळेना.

दात जीपचे, बोल्ट जीपचे, पण लांबी चार बोटं कमी. मी मधल्या तोंडापासून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. उजवी बाजू जीपसारखीच होती. आखडली होती ती फक्त डावी. बाबांनी चाकूच्या पात्याने डाव्या नळीवरचा काळा रंग खरवडला. खाली नळीभोवती एक बारीक, एकसारखी वेल्डिंगची रेघ निघाली.

"कापून जोडलाय," मी म्हटलं.

त्या नळीतला, चाक फिरवणारा दांडा ओढून काढला, तर तोही आखूड करून त्याला नवे दात पाडले होते, इतके स्वच्छ की मी बराच वेळ नुसतं बोट फिरवत बसले. हे रस्त्यावरच्या दुकानाचं काम नव्हतं. हात बसलेल्या कुणाचं तरी होतं. कोण, आणि कशासाठी? अरुंद गाडी कोणाला हवी होती?

"आमच्याच कारखान्यातला कुणी टर्नर असेल," मी म्हटलं.

"नाही. एखाद्या साहेबाला बारक्या फाटकातून जीप न्यायची असेल," बाबा म्हणाले, आणि त्यावर आमचं संध्याकाळभर चाललं.

सहा एक्सल नीट जागी गेले. सातव्यासाठी एक जीपवाला आला, तेव्हा बाबांनी स्वतःहून रेघ दाखवली आणि त्याला परत पाठवलं. शेवटी तो एका बँडवाल्याने नेला. वरातीत जनरेटर ओढायला त्याला हातगाडी करायची होती, आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांत रुंद गाडी वळत नव्हती. त्याला इंजिन जोडायचंच नव्हतं.

"ये तो मेरे ही नाप का है!" तो खुशीत म्हणाला.

पुढे अवधपुरीचे मेकॅनिकच अनोळखी एक्सल घेऊन यायला लागले. फाटकातून हाक यायची, "बाबूजी हैं?" आणि बाबा आतल्या आत हसत म्हणायचे, "थांबा, सूनबाईला ऑफिसातून येऊ द्या."