सरांचा व्यायाम, बोरीचा घाम

राग आला की माणसं भांडतात. मला किस्से आठवतात. भांडायची हिंमत नाही, म्हणून ते साचत जातात, खरकट्या भांड्यांसारखे! आमच्या बोरी गावातल्या त्या एका वर्षाचेच बघा ना.

शहरातले एक डॉक्टर सर संशोधनाला आले होते. दमा, शुगर, गुडघेदुखी असलेल्यांनी रोज व्यायाम केला तर बरं वाटतं का, हे तपासायला. घरोघर जाऊन विचारायचं काम मला मिळालं. गावात बी.ए. होऊन घरी बसलेली मी एकटीच होते! पण काम धरलं ते मिनूसाठी. माझी मिनू सहा वर्षांची, तिला दमा. खेळाच्या तासाला गुरुजी तिला पायरीवर बसवून ठेवायचे. "पळताना काही झालं तर, बाई? जिम्मेदारी कुणाची?" भीती मलाही तीच. तिनं पळावं की नाही, एवढंच मला कुणा जाणत्या माणसाकडून ऐकायचं होतं.

*

पहिल्याच दिवशी सरांना विचारलं.

"आपला अभ्यास मोठ्या माणसांचा आहे," सर म्हणाले.

"मग ती मोठी होईपर्यंत पायरीवरच बसवू का?" मी चांगलं खडसावून विचारलं. घरी आल्यावर. तव्यावरच्या भाकरीला!

*

बापूसाहेब म्हणजे गावचे बडे जमीनदार. शुगर झालेली. सरांनी त्यांना सकाळी चालायला सांगितलं. काही दिवसांनी बघायला गेलो, तर साहेब बाजेवर आडवे, आणि त्यांचा सालगडी बांधानं फेऱ्या मारायलाय!

"माझ्या वाटचं त्यो चालायलाय की! सालानं माणूस कशाला ठेवलाय?"

सर खो खो हसले आणि त्यांच्याकडंच चहा प्याले.

*

सरूबाईचे गुडघे दुखायचे. दिवसभर निंदणी, वर घरचं पाणी. तिला मात्र सर म्हणाले, "आळस सोडा, चाला!"

आता बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं निघाली की गाव विचारतं, "कुठं निघालीस गं?" म्हणून तिनं काखेला रिकामी घागर लावली. सासूनं बघितलं. "हिरीकडून येतीस अन् घागर रिकामीच?"

पुढच्या महिन्यात मी विचारलं, "चालून बरं वाटतं का?"

"ताई, पाण्याची एक खेप वाढली बघा!"

*

व्यायामाचा वर्ग देवळाच्या ओट्यावर भरायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गाव तापलेलं. दलित वस्तीतलं एकही माणूस आलं नाही.

"या लोकांना तब्येतीची फिकीरच नाही," सर म्हणाले.

"सर, त्यांना ओटा चढू देत नाहीत. शाळेच्या मैदानावर घेऊ या ना."

"तो सामाजिक प्रश्न झाला, बाई. आणि मैदानात ऊन असतं."

वस्तीतली माणसं दिवसभर सावलीत राबतात, हे मला त्या दिवशी कळलं!

*

शेवटच्या दिवशी शाळेत सरांचं भाषण. "दम्याच्या लेकरांना जरूर खेळू द्या!" टाळ्या पडल्या. माझा तर जीव भांड्यात पडला. मी धावत पुढं गेले.

"सर, एवढं आमच्या गुरुजींना सांगा. ते बघा, समोरच आहेत."

"बाई, भाषण वेगळं आणि जिम्मेदारी वेगळी," असं म्हणून सर जीपमध्ये जाऊन बसले.

जीप सुरू होईना!

"ढकला रे!" कुणीतरी ओरडलं. शुगर, दमा, गुडघे, सगळे पेशंट जीपला भिडले. गुरुजीही. सर आतच. मिनू पायरीवरून कधी उठली, कळलंच नाही. दोन्ही हात जीपला लावून पळायलीय!

सरांनी बाहेर डोकं काढलं. "अहो, त्या पोरीला थांबवा! धाप लागेल तिला!"

गुरुजी घामाघूम. "बाई, तुमची मिनू पळायलीय!"

"दिसतंय मला," मी म्हणाले. "तुम्ही ढकला, गुरुजी!"