उलटे छापलेले गोपाळमामा

आज सकाळी गोपाळमामा गेले आणि दुपारी बारापर्यंत त्यांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे गेला होता.

पुरुषांच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. हे फ्लेक्सवाल्याला माहीत नाही. मामांच्या जावयाला माहीत नाही. म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या त्या गल्लीत हार घेऊन आलेल्या एकालाही काही खटकलं नाही.

फ्लेक्सवर मामा आणि चार वर्षांपूर्वी गेलेल्या मामी, शेजारी शेजारी. मागे ढग. ढगांवर कबुतरं.

मामींच्या फोटोत उजेड डावीकडून येतो, मामांच्या फोटोत उजवीकडून. जुळेना. मग फ्लेक्सवाल्याने मामांना आरशात दिसतात तसं उलटं केलं. एक क्लिक, झालं काम.

वर कातडी मऊ करायचा ब्रश असा फिरवलाय की सत्तरीचा माणूस इस्त्री करून आणल्यासारखा दिसतो.

जावई कौतुकाने म्हणाले, "मस्त आलंय ना? अर्ध्या तासात दिलं त्यानं."

दिसतंच आहे.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. गोपाळमामा माझे सख्खे मामा नव्हेत. मी नाशिकहून इथे नोकरीला आले, कंपनीत स्क्रीन डिझाइन करते. मामांचं मराठी घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ.

काम एकच. ज्या नवराबायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही, त्यांना मागाहून एका चौकटीत बसवायचं.

मी तिथे शिकायला जायचे असं सगळ्यांना सांगते. खोटं आहे. मी शिकवायला गेले होते. बाराशे ब्रशांचा पॅक विकत घेतला होता. धूर, पिसं, वॉटरकलर, केस. म्हटलं, म्हाताऱ्याला दाखवू जग कुठे गेलंय ते.

एका टक्कल पडत आलेल्या आजोबांच्या फोटोवर मी ऐटीत केसांचा ब्रश मारला.

मामांनी चष्मा वर केला. "हे केस न्हवं गं, गवत हाय. मेंढरं सोड चरायला."

त्यांचा स्वतःचा ब्रश एकच. गोल, बारका, कडक कडेचा. पेन नाही, टॅबलेट नाही, साधा माउस. फोटोवर करड्या रंगाचा एक थर टाकायचे आणि त्या थरावर काळ्या-पांढऱ्याने सावली आणि उजेड रंगवायचे. मूळ फोटोला हात लावायचा नाही.

"ब्रशचा जोर पाच टक्क्यावर ठेव आन पन्नास डाव फिरव. येकदम शंभर टक्क्यानं फिरवायचं असंल तर भिंती रंगवायला जा."

एकदा घाईत मीही फ्लेक्सवाल्यासारखंच केलं होतं. सरगूरच्या कुणाच्या तरी आईचा फोटो, उजेड जुळेना म्हणून उलटा केला. मामांनी स्क्रीनवर नुसतं बोट ठेवलं. पदर उजव्या खांद्यावर. चमकी दुसऱ्या नाकपुडीत.

"सुम्ने बाईला का फिरवलीस? उजेड फिरव की. तिची पोरं वळखतील का हिला?"

सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द मी त्यांच्याकडून भरपूर खाल्लाय.

आज सकाळपासून गावातले सगळे क्रिएटिव्ह लोक त्यांना लेजंड म्हणताहेत. एकाने प्रोफाइल काळी केली. हाच गृहस्थ आमच्या ग्रुपवर त्यांना 'कटपेस्ट काका' म्हणायचा. स्वतः ब्रशचा मास्टरक्लास घेतो आणि चेहरे असे घासतो की नाकाला भोकं उरत नाहीत.

तुझी श्रद्धांजली तुझ्याकडेच ठेव.

आणि त्या 'कटपेस्ट काका'वर हसणारी पहिली इमोजी माझी होती. त्यामुळे मी काही फार वरची नाही.

दुपारी मामांची मुलगी सुमती मला आत घेऊन गेली. "अक्का, चौकटीत लावायला तरी नीट फोटो बग. तो फ्लेक्स मला बगवत न्हाई."

मामांचा कॉम्प्युटर लावला. समोरच एक फाइल होती. नाव, 'ती आणि मी'.

तेच दोन फोटो. मामींचा थर कुलूप घालून ठेवलेला. त्यावर ब्रशचा एक ठिपकासुद्धा नाही.

सगळं काम स्वतःच्या चेहऱ्यावर. एकेचाळीस थर. कपाळ, कानशील, नाकाची कड, मिशीखालची जागा. मामींवर उजेड ज्या बाजूने पडलाय, त्याच बाजूने तो स्वतःवर आणायला हा माणूस चार वर्षं पाच-पाच टक्के रंगवत बसला होता. गिऱ्हाइकाचं काम दोन दिवसांत द्यायचे.

"आमी किती बोललो," सुमती म्हणाली. "दुसरा फोटो काडू म्हटलं, हवा तसा उजेड लावून. अप्पा म्हणाले, बेडा, नको. तिनं बगितलेला चेहरा ह्यो हाय."

मी तिथे, त्या खुर्चीवर, सुमतीसमोर रडले.

मानेखालची सावली तेवढी राहिली होती.

"पुरं करतीस?" सुमतीने विचारलं.

माझ्या पॅकमधला एकही ब्रश उघडला नाही. त्यांचाच माउस धरला. बाहेर अंत्ययात्रा निघायची वेळ झाली म्हणून हाका चालल्या होत्या, आणि बिघडलं तर सांगणारं आता कुणी नव्हतं.

तासभर लागला. फार चांगलं झालेलं नाही. कॉलरजवळ सावली जड पडली आहे, मामांनी बघताक्षणी पुसायला लावली असती.

सुमतीने स्क्रीनवर आधी आईच्या गालावर बोट ठेवलं, मग वडिलांच्या.

"आता येकाच खोलीत बसल्यावानी दिसत्यात," म्हणाली.

फ्लेक्स मी उतरवला. जावई रागावलेत. रागावू देत.

फोटो खाली लावलाय. शेअर करायचा तर करा, पण त्याला तुमचा फिल्टर लावू नका.

मामा, माझ्या हातून जमलं ते एवढंच. नमस्कार करते.