धान्य बंद

डॉक्टर आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायला तयार होते, पण आठ किलो वजन उतरल्यावर. भवानी पेठेतलं आमचं घर पहिल्या मजल्यावर. आई जिना बसून उतरायची, एकेक पायरी घसरत, आणि तेही फक्त दवाखान्यासाठी. ऑपरेशन झालं की स्वतःच्या पायांनी अक्कलकोटला जायचं, एवढीच तिची मागणी होती.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण वजन उतरवायच्या गोळ्या आणि पावडरचे डबे विकायची. मी दोन्ही आणलं. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि म्हणाले, "हे नाही घेतलं तरी चालेल. ताट सांभाळा, आणि खुर्चीवरचा व्यायाम चुकवू नका." मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. डबा टेबलावर ठेवून ऑफिसला जाता येतं. ताट सांभाळायला कुणीतरी घरी लागतं.

डब्याबरोबर एक तक्ता होता. भाकरी बंद, चपाती बंद, भात बंद. तेवढं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. खाली मूग, कोशिंबीर, पालेभाज्या असं बरंच काही होतं, ते भरभर उरकलं आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला. तिला बारीक अक्षर दिसत नाही हे मला ठाऊक होतं.

वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मला काही वाटेनासं झालं होतं. वाईट नाही, बरंही नाही. ऑफिसातून येतानाच काहीतरी खाऊन यायचे, आल्यावर दारातूनच विचारायचे, "गोळी घेतलीस? व्यायाम केलास?" आतून "व्हय" यायचं. मग मी मोबाइल घेऊन आडवी व्हायचे. दोन महिने असेच गेले, आणि आपण आईचं सगळं नीट करतोय असं मी ऑफिसात सांगतही होते.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. वजन तीन किलोनं वाढलेलं. "काय खाता रोज?" त्यांनी विचारलं.

आईनं शाळेतल्या मुलीसारखं घडाघडा सांगितलं. "सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आन् शेंगदाण्याची आमटी. चारला एक शेंगांचा लाडू. धान्याचा कण न्हाई पोटात दोन महिनं. रोज उपासच की."

"आणि पावडर?"

"ती सोयाबीनची हाय म्हणं. उपासाला कशी चालंल? गोळी तेवढी घेते, ती आमसुलासारख्या फळाची हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ऑपरेशन पुढं ढकललं, मूग-पालेभाज्यांचं नीट समजावलं आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. आई मान हलवत राहिली. तिची चूक तरी काय होती? धान्य बंद म्हणजे उपवास, हे आमच्या घरात कुणालाही कळतं. मी स्वयंपाकघरात एकदा डोकावले असते तरी कढई दिसली असती.

तरी बाहेरच्या बाकड्यावर मी तिच्यावरच खेकसले. "अगं, एवढा साबुदाणा! एकदा विचारायचं तरी मला!"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तुजे बाबा गेल्यापासनं एकटीसाठी ताट वाढून घेणं व्हत न्हाई गं. उपासाचं कसं, कढईतूनच चार घास खाल्ले की झालं. तू बंद म्हणालीस, मला बरंच वाटलं."

मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. लाज तेवढी वाटली, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं. मी तिची काठी उचलून हातात दिली आणि विचारलं, "आज काय करायचं जेवायला?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"तू जेवणार हायस व्हय घरी?"