नेवझातची बैठक

चांकिरी शहरातल्या मिनीबसच्या थांब्यावर नेवझातला सगळे ‘खिळा’ म्हणत. एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसला की दिवसभर हलायचा नाही. बारा वर्षं तसाच बसला आणि त्या बसण्यानंच घात केला. माकडहाडाशी, ढुंगणाच्या खाचेत, केस कातडीत शिरले, आत पू धरला. दोनदा चिरा देऊन काढला, दोनदा परत भरला. चारचौघांत सांगायची सोय नाही अशी जागा. कुणी विचारलंच तर बायको सेहेर म्हणायची, “कमरेचं दुखणं.”

थांब्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, रिफ्कीला मात्र सगळं ठाऊक. “काय रे, उशी घेऊन अंडी उबवतोस? पिल्लं निघाली की एक मला दे!”

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. “कापून जखम उघडी ठेवली, तर तळापासून भरायला तीन महिने, रोज बोळा बदलायचा. मधोमध सरळ टाके घातले तर लवकर आटपतं, पण पुन्हा उलटायची भीती. तिसरं म्हणजे बकलाव्याच्या वडीसारखा चौकोनी तुकडा काढायचा आणि शेजारचं मांस कातडीसकट वळवून तिथं बसवायचं. पण मग पंधरा दिवस बसायचं नाही. जेवायचंसुद्धा उभ्यानं.”

नेवझातनं तिसरं धरलं. महिन्याभरात परतला नसता तर त्याची फेरी कायमची दुसऱ्याला जाणार होती.

ऑपरेशनच्या आठव्या दिवशी दार वाजलं. दारात सेहेरचे वडील, हुर्शितबाबा. नेवझातनं सेहेरला पळवून आणली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून म्हातारा या घराची पायरी चढला नव्हता.

नेवझात पालथा पडलेला. सासऱ्यापुढं, तेही या सासऱ्यापुढं, असं पडून राहायचं? धडपडत उठला, म्हाताऱ्याचा हात ओठांना नि कपाळाला लावला. बाबांनी शेजारची जागा थोपटली. “बस, पोरा.”

नेवझात बसला.

सेहेर चहाचं तबक घेऊन दारातच थबकली. “बाबा, त्याला जरा पडू द्या...”

“कमरेचं मलाही आहे गं. ताठ बसलं की बरं वाटतं.”

नेवझातनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. म्हातारा गावच्या अक्रोडांचं बोलला, मेलेल्या बैलाचं बोलला, नऊ वर्षांचं मात्र अवाक्षर नाही. चहाच्या तिसऱ्या ग्लासाला नेवझातला खाली काहीतरी उसवल्यासारखं झालं, ऊब पसरत गेली. तो हसून “हो बाबा, हो बाबा” करत राहिला.

“कुणी सांगितलं होतं बसायला?” डॉक्टर ओरडले.

“बाबा आले होते.”

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. वळवलेल्या कातडीची कड काळी पडली होती. टाके काढून जखम उघडी ठेवली. तीन महिने. फेरी दुसऱ्याच्या नावावर गेली. ते सांगायला रिफ्की आला, पण त्यानं एकही विनोद केला नाही.

आता रोज सकाळी सेहेर बोळा बदलते. एकदा तिचे हात मध्येच थांबले.

“बाबा गावभर सांगत फिरतायत. जावई दुखण्यातही माझ्यापुढं ताठ बसला म्हणे, रीतभात आहे पोराला.”

नेवझातनं उशीत तोंड खुपसलं. तसाच म्हणाला,

“त्या बसण्यानं काय झालं, ते त्यांना कळू देऊ नकोस.”